अण्णांची जोडणी

हे खरं घडलेलं आहे. पटलं नाही तरी चालेल. मंजुषालाही आधी पटलं नव्हतं.

सोमवार, एकोणीस मे. दुपारचे तीन. नाशिकला कॉलेज रोडवरचं दोन खोल्यांचं ऑफिस. बाहेर लख्ख ऊन.

आत मंजुषा आणि तिचा धाकटा भाऊ स्वराज. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात घालायची एक डबी दोघं मिळून बनवत. बटण दाबलं, की मुलांना फोन. डबी गप्प झाली, तरी फोन.

पहिली डबी त्यांनी वडिलांना, अण्णांना दिली होती. निफाडजवळच्या बागेत ते एकटेच राहत.

एप्रिलमध्ये अण्णा शेततळ्याच्या काठावर कोसळले. डबी पाण्यात पडून बंद झाली.

फोन कुणालाच गेला नाही.

सकाळी मजुरांनी पाहिलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "तासाभरात कुणी पोचलं असतं तर…"

तेराव्याला स्वराज नातेवाइकांना सांगत होता, "कोड ताईचा होता. तिला तरी काय बोलणार?"

मंजुषालाही तसंच वाटत होतं. आपणच कुठेतरी चुकलो.

कुठे, ते शोधायला त्या दुपारी तिने सर्व्हर उघडला.

प्रत्येक डबीसाठी सर्व्हरवर एक सॉकेट उघडा असतो. त्या डबीशी बोलायची खिडकीच म्हणा. अण्णांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. माणूस जाऊन महिना झाला, आणि सर्व्हरच्या लेखी ते अजून जोडलेलेच.

सॉकेटला काही ऑप्शन असतात. त्यातला एक मंजुषाने स्वतः चालू केला होता. तो चालू असला, की सर्व्हर दर मिनिटाला डबीला विचारतो, आहेस ना? तीनदा उत्तर आलं नाही, की जोडणी तोडतो आणि घरच्यांना फोन लावतो.

तिने तो ऑप्शन वाचून पाहिला…

शून्य. बंद.

मग तिने कोडमधल्या जुन्या नोंदी काढल्या. ती ओळ फेब्रुवारीत कुणीतरी उडवली होती. नाव होतं स्वराजचं.

"ही ओळ तू काढलीस?"

"दर मिनिटाला उत्तर देऊन डबीची बॅटरी दोन दिवसांत उतरत होती, ताई. गिऱ्हाईकं शिव्या घालत होती."

"मला सांगितलं नाहीस."

"ऐकलं असतंस? तुझी ती ओळ म्हणजे देव्हाऱ्यातला देव!"

"आणि तेराव्याला काय बोलत होतास?"



मंजुषाने चालू सर्व्हरमध्ये शिरून अण्णांच्या सॉकेटचा ऑप्शन शून्याचा पुन्हा एक केला, म्हणजे चालू. आता तीनदा विचारणा होईल, उत्तर येणार नाही, ठिपका लाल होईल. त्या दिवशी काय व्हायला हवं होतं, ते स्वराजने डोळ्यांनी बघावं. एवढंच तिला हवं होतं.

एक मिनिट गेलं…

उत्तर आलं.

"नेटवर्कचा घोळ असेल," स्वराज म्हणाला.

अण्णांची डबी टेबलावरच होती. उघडलेली. बॅटरी बाजूला, सिम बाजूला.

दुसरं मिनिट…

पुन्हा उत्तर.

"ताई, बंद कर. सर्व्हरच बंद कर."

"तूच कर. अण्णांना तोडायला तुला मी कशाला लागते?"

त्याने कीबोर्डकडे हात नेला…

त्याचा फोन वाजला.

स्क्रीनवर अक्षरं होती, 'अण्णा. बटण दाबलं आहे.'

त्याने कसाबसा उचलला. "अण्णांना मदत हवी आहे, ताबडतोब पोचा." ध्वनिमुद्रित आवाज, मंजुषाचाच. पण त्यामागे काहीतरी होतं, जे तिने कधीच मुद्रित केलं नव्हतं…

पाणी हलल्याचा आवाज.

अण्णांसाठी फोन लावायच्या यादीत पहिला नंबर मंजुषाचा. तिचा फोन शेजारीच होता.

तो वाजला नाही.

स्वराजने ऑफिस सोडलं. दोनदा नंबर बदलला. नवा नंबर यादीत कुणी घातला नाही, तरी दुपारी कधीतरी त्याला फोन येतोच. सर्व्हर बंद करायला दोघांपैकी कुणीही धजावत नाही.

चूक मंजुषाची नव्हती, हे आता तिला पक्कं ठाऊक आहे. पण रोज दुपारी ती फोन समोर ठेवून बसते.

अण्णा त्याला जाब विचारायला बोलावतात? की अजूनही तळ्याकाठी पडल्यापडल्या त्यांना मदतीला तोच आठवतो?

तिला एकदाही फोन आलेला नाही.