तीस फेब्रुवारी

हे ऐकून हसणारे खूप भेटले. तुम्हीही हसा. पण ज्याच्यावर बेतलं तो अमरेश माझा मावसभाऊ आहे आणि त्याला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेला की कान लाल होतात त्याचे.

हे सांगताना त्याचे कान लाल झाले नव्हते. चेहरा पांढराफटक पडला होता.

२८ फेब्रुवारी २०२५. शुक्रवार. नांदेडला त्याच्या ऑफिसात, दिवेलागणीची वेळ.

अमरेश एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. लातूरच्या एका अन्नछत्राचं काम त्यांच्याकडं नव्यानंच आलं होतं. लोक आपल्या गेलेल्या माणसाचं नाव तिथं देतात. पुण्यतिथीला त्याच्या नावानं पंगत बसते, आणि सकाळी सकाळी घरच्यांच्या मोबाईलवर मेसेज जातो, की आज अमुक यांचं पुण्यस्मरण.

जुन्या डेटाबेसमध्ये तारखांची नुसती खिचडी होती. सगळ्या साध्या मजकुरासारख्या टाईप केलेल्या. कुठं दिवस आधी, कुठं महिना आधी. अमरेशनं महिनाभर बसून त्या खऱ्या तारखांमध्ये बदलून घेतल्या.

तेव्हा त्याच्या एक लक्षात आलं. शिवप्पा नावाचा एक माणूस २९ फेब्रुवारी २०१६ ला गेला होता. रोज सकाळी प्रोग्रामची क्वेरी डेटाबेसला विचारायची, आजचा दिवस आणि महिना कुणाचा? एकोणतीस फेब्रुवारी चार वर्षांतून एकदाच येतो. मधली तीन वर्षं शिवप्पाचं नाव निघायचंच नाही.

अमरेशला वाईट वाटलं. त्यानं क्वेरीत एक ओळ घातली. ज्या वर्षी एकोणतीस नसेल, त्या वर्षी अठ्ठावीसला धरा.

चांगलंच काम केलं होतं त्यानं.

त्या शुक्रवारी ऑफिसचा फोन वाजला. बाईमाणसाचा आवाज. दबका.

"सायेब, मी नागम्मा बोलतीय. निलंग्याच्या पुढून. सकाळी तुमचा मेसेज आलाय आमच्या मालकाचा."

"हां मावशी, शिवप्पा ना? आम्ही आता दरवर्षी..."

"का पाठवला?"

अमरेशनं मेसेजची यादी उघडली.

"आवंदा एकोणतीस न्हाई. आम्ही बिनघोर व्हतो. का पाठवला तुमी?"

"मावशी, झालं काय?"

बाईचा नुसता श्वास ऐकू येत होता... आणि मागं काहीच नाही. खेड्यातली संध्याकाळ. ना गुरांची घंटी, ना कुत्रं, ना रातकिडा.

मग लांबून... पुरुषाचा आवाज आला.

"नागेऽऽ... बॅटरी आण गंऽऽ..."

"आयकलं?" नागम्मा म्हणाली. "मालक आले हायत."

फोन कट झाला.

अमरेशनं ती ओळ तिथंच काढून टाकली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः फोन लावला. शिवप्पाची मुलगी शिवांगी बोलली. पोरगी निलंग्याला कॉलेजात शिकते. रात्री दोघींनी दार उघडलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं.

शिवप्पा संध्याकाळी उसाला पाणी द्यायला गेला होता. लाईट नव्हती, अंधार पडलेला. बांधावरून त्यानं घराकडं हाक मारली, बॅटरी आण. गावाकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात. घरात सगळ्यांनी ऐकलं. जाते, जाते म्हणत नागम्मा भाकरी थापत राहिली. तेवढ्यात लाईट आली आणि अंधारात चाचपडणाऱ्या शिवप्पाचा हात मोटारीच्या उघड्या वायरवर पडला.

पुढं २०२० ला त्याच तारखेला मेसेज आला. संध्याकाळी बांधावरून हाक आली.

"धोंडूऽऽ... बॅटरी आण रेऽऽ..."

धोंडप्पा, शिवप्पाचा धाकटा भाऊ. भावाचा आवाज, तो थांबतोय कशाला? बॅटरी घेऊन धावला.

सकाळी उसात मरून पडलेला सापडला. अंगावर ओरखडा नव्हता.

बॅटरी मात्र मिळाली नाही.

२०२४ ला घरच्यांनी कुलूप लावलं आणि औशाला पाहुण्यांकडं जाऊन राहिले. तो दिवस टळला.

"आता २०२८ पर्यंत भ्यायचं कारण नव्हतं, सर," शिवांगी म्हणाली. "आणि आज सकाळी परत मेसेज आलाय."

"आज? मी तर ती ओळ काढली!"

त्यानं डेटाबेस उघडला. शिवप्पाचं नाव होतं. तारखेचा रकाना...

रिकामा.

आणि जुन्या प्रोग्रामरनं एक नियम करून ठेवला होता. तारीख रिकामी असेल तर आजची धरावी.

म्हणजे रोजच शिवप्पाचा दिवस.

अमरेशनं तारीख पुन्हा भरली. सकाळी रिकामी. त्यानं तो जुना नियम काढला. मेसेज गेलाच. त्यानं शिवप्पाचं नावच पुसलं. सकाळी नाव जागेवर. कुणी बदललं याची नोंद कुठंच नाही. त्याचे साहेब हरिओम म्हणाले, "बॅकअप परत चढत असेल." पण बॅकअप कुणी चढवला नव्हता.

तिकडं रोज दिवेलागणीला हाक यायची. आधी बांधावरून. मग गोठ्यापासून. मग अंगणातून.

"घर सोडून या ना," अमरेश म्हणाला.

"काल औशाला आलो, सर," शिवांगी रडत होती. "हाक हितं बी आली."

अमरेश लॅपटॉप घेऊन एसटीत बसला. बायकोला, मंजुश्रीला, त्यानं सांगितलं नाही. मायलेकी गावी परत आल्या होत्या. तो पोचला तेव्हा ऊन कलत होतं. नागम्मानं चहा दिला. ती सारखे हात पदराला पुसत होती.

"त्यास्नी एक तारीख द्या, दादा. कसली बी. पर एकच द्या. आधी चार वर्सांनी एक दिस भ्यायचं. आता रोजचं मरण झालं."

एकच तारीख.

कधीच न येणारी दिली तर?

त्यानं टाईप केलं, ३० फेब्रुवारी. डेटाबेसनं नाकारलं. रकाना तारखेचा होता, अशी तारीख त्याला मान्यच नव्हती. साधा मजकूर असता तर काहीही चाललं असतं...

साधा मजकूर!

तो तारखेशेजारी मजकुराचा नवा रकाना करून मेसेजचा प्रोग्राम त्याला जोडायला लागला.

बाहेर रातकिडे बंद झाले.

शिवांगीनं कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसली.

"नागेऽऽ..."

आवाज ओसरीत होता.

ज्याच्यावर लॅपटॉपचं इंटरनेट चालू होतं, त्या मोबाईलचं नेटवर्क गेलं. आलं. पुन्हा गेलं.

"नागे, बॅटरी आण गं. काय बी दिसंना मला."

नागम्मानं तोंडात पदर कोंबला. ती भीतीनं रडत नव्हती. अमरेश म्हणतो, ते रडणं वेगळं होतं.

दाराखालच्या फटीतून ओल्या मातीचा वास आला... आणि आवाज अगदी हळू झाला.

"पाहुणं... तुमी तरी द्या."

 शिवांगी किंचाळली, "सर, करा!"

त्यानं लिहिलं, ३०/०२/२०१६. एंटर दाबलं.

शांतता...

मग एक रातकिडा ओरडला. मग सगळे.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शिवांगीची परीक्षा झाली. दिवाळी गेली. यंदा अठ्ठावीस फेब्रुवारी आली आणि निघून गेली. एक मार्चही तसाच गेला.

दोन मार्चला सकाळी शिवांगीचा फोन आला.

"सर, मेसेज आलाय."

डेटाबेसमध्ये तारीख तीच होती. तीस फेब्रुवारी. काही हललं नव्हतं.

हरिओमनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "अठ्ठावीसच्या पुढं दोन दिवस मोज. काही प्रोग्राम तीस फेब्रुवारीला दोन मार्च समजतात."

"पण सर, मी मजकूर ठेवलाय. तारखेत बदलणारं तिथं काही नाहीच."

"मग कोण मोजतंय?" हरिओम म्हणाले.

अमरेशनं शिवांगीला फोन लावला. "आईला आत ठेव. दार उघडू नको."

"ती ऐकत नाही, सर. बॅटरी चार्जिंगला लावून बसलीय. म्हणती, धा वर्सं अंधारात उभा हाय माणूस."

संध्याकाळी हाक आली आणि नागम्मा बॅटरी घेऊन उसाकडं निघाली. शिवांगी ओरडत मागं धावली, पण ऊस सुरू झाला तिथं तिचे पाय उचलेचनात. बॅटरीचा उजेड आत आत गेला. मग दिसेनासा झाला.

रात्र सरली.

उजाडताना नागम्मा चालत घरी आली. धडधाकट. हातात बॅटरी, अजून चालू. तिनं चूल पेटवली, चहा ठेवला आणि अमरेशला फोन लावायला सांगितलं.

"मालक आता येणार न्हाईत, दादा. बोलले माझ्याशी. चांगलं बोलले."

अमरेशला रडूच फुटलं. "बॅटरी दिली का मावशी?"

"घेतली न्हाई. नगं म्हणाले. नुसतं इचारलं..."

"काय विचारलं?"

"म्हणाले, त्या दिशी घरात बसून माझी तारीख बदलणारं पाहुणं कुठलं?"

अमरेश खुर्चीतून उठला.

"नवऱ्यानं इचारल्यावर खोटं कसं बोलू, दादा? मी सांगितलं. नांदेडचे."

निलंग्याकडं आता सगळं शांत आहे. मेसेज जात नाही, हाक येत नाही. शिवप्पाचं नाव डेटाबेसमधून आपोआप गेलंय. अमरेशनं ते पुसलेलं नाही.

तो आता दिवस मावळायच्या आत घरी येतो. आला की खिडक्या लावून घेतो.

गेल्या आठवड्यात त्यांच्या इमारतीची लाईट गेली. संध्याकाळची वेळ. मंजुश्री कचरा टाकायला खाली गेली होती. वर येऊन ती दारातूनच म्हणाली,

"अहो, जिन्यात कोणीतरी उभं आहे. अंधारात चेहरा दिसला नाही. ते कॉम्प्युटरवाले पाहुणे कितव्या मजल्यावर राहतात म्हणून विचारत होते...

मी सांगितलं."