शून्य दाखवणारा चेंडू

"ट्राय नाही!" पंचकाकांच्या छातीवरचा दिवा लाल झाला आणि शर्वरीच्या पायाखालची जमीनच सरकली.

पंचकाका म्हणजे यंत्रमानव पंच. सन २०५८. कोल्हापुरात मुलींच्या रग्बीचा अंतिम सामना, शेवटचं मिनिट. शर्वरीने चेंडू पोटाशी धरून रेषेपलीकडे सूर मारला होता. हातातला चेंडू तिथे जमिनीला टेकवला की ट्राय (रग्बीतले पाच गुण), आणि ट्राय मिळाला की ढाल कोल्हापूरची! पण तिच्या अंगावर सात-आठ जणी कोसळल्या. त्या ढिगाखालचं कॅमेऱ्याला काय दिसणार, कप्पाळ!

"सुटला होता चेंडू तिच्या हातनं!" साताऱ्याची कॅप्टन निलोफर ओरडली.

पंचकाका म्हणाले, "चेंडूतला प्रवेगमापक (भार आणि झटके टिपणारी चकती) पडताना शून्य दाखवतो. म्हणजे चेंडू सुटाच पडत होता."

शर्वरी रडकुंडीला आली. "आबा, मी सोडला नव्हता ओ!"

मैदानाच्या कडेला उभे असलेले तिचे आबा म्हणजे ती चकती बनवणारे शास्त्रज्ञ. त्यांनी टीमची गळकी बाटली उचलली. भोकातून पाण्याची धार लागली होती. आबांनी बाटली हातातून सोडली आणि काय आश्चर्य, खाली पोचेपर्यंत धार बंद!

"पाणी नि बाटली बरोबरीनंच पडतात. मग पाणी बाटलीवर भार टाकणार कसं? भार शून्य. आता पंचकाकांचं काय चुकलं ते तूच शोध की."

शर्वरीने बाटली घट्ट धरली आणि बाकावरून उडी मारली. धार थांबली!

"अहो, बाटली तर माझ्या हातातच आहे!" ती आनंदाने किंचाळली. "पंचकाका, सूर मारल्यावर मीपण पडतच होते. चेंडू हातात असला तरी शून्यच येणार! पण माझं कोपर आधी आपटलं. चेंडू हातात होता, म्हणून तो झटका चेंडूलाही बसला असणार, जमिनीला लागायच्या आधीच!"

पंचकाकांनी चेंडूतली नोंद पुन्हा तपासली. पंचकाकांचे डोळे लुकलुकले.

"पहिला झटका बारीक. चेंडूतल्या दाबमापकानुसार तेव्हा आतली हवा दबलेली नाही, म्हणजे चेंडू जमिनीला लागलेला नाही. दुसरा झटका मोठा, हवाही दबली. मध्ये शून्य कुठेच नाही. चेंडू हातातच होता. चूक माझी." दिवा हिरवा झाला. "ट्राय!"

कोल्हापूरकर पोरींनी शर्वरीला डोक्यावर घेतलं. निलोफर मात्र बाटली घेऊन बाकावरून उड्या मारत होती.

"अंतराळस्थानकातली माणसं तरंगतात ना," आबा हसून म्हणाले, "तीसुद्धा पृथ्वीभोवती अशीच सतत पडत असतात."

"मग तिथे चेंडू टेकवायचा कशावर?" शर्वरीचे डोळे चमकले.

निलोफरने भिजलेला हात तिच्यापुढे केला. "आधी तिथं जाऊ तरी दोघी. मग भांडू!"