दादाची खुर्ची

"ताई, आता तुम्ही या खुर्चीवर बसा," मॅडम हळूच म्हणाल्या, आणि विमलताईंचे पाय जागच्या जागी थिजले... खुर्ची साधीच, प्लास्टिकची. पण गेला अर्धा तास त्यांची नणंद नयन त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून आपल्या गेलेल्या भावाशी बोलत होती. धन्याच्या जागेवर आपण कसं बसावं?

यवतमाळच्या कॉलेजात नयन कुटुंब-समुपदेशनाचं शिकत होती. मोडू पाहणारी घरं सांधायचं शिक्षण ते! दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी प्रत्येकानं आपलं स्वतःचं घर शिकवणाऱ्या मॅडमसमोर आणून बसवायचं, हा तिथला रिवाज. नयनच्या घरात उरलं होतं कोण? एक वहिनी, जिच्याशी ती दोन वर्षं कामापुरतंही धड बोलली नव्हती. निरोप मिळताच त्या वहिनीनं कळंबच्या चिंतामणी गणपतीला दुरूनच हात जोडले आणि पहिली एस.टी. धरली.

आईवेगळी, चार वर्षांची नयन विमलताईंनी मांडीवर वाढवली, स्वतःची कूस रिकामी राहिल्याचं दुःखही तिच्यात विसरल्या. आणि मग ते साल आलं, कपाशीवर बोंडअळी पडली ते... फवारता फवारता वारा फिरला, औषध धन्याच्या, सदाशिवरावांच्या नाकातोंडात गेलं. चार दिवस ते यवतमाळच्या दवाखान्यात होते, चौथ्या दिवशी गेले. नयनचं होस्टेल तिथून दोन गल्ल्या पलीकडे. पण तिला कळलं ते पाचव्या दिवशी, बी.ए.चा शेवटचा पेपर देऊन बाहेर आल्यावर! तेव्हापासून वहिनी तिच्या लेखी गुन्हेगार, आणि वहिनीनं एकदाही तोंड उघडलं नाही. गेलेल्या माणसावर बहिणीचा राग कशाला... आपल्यावरच राहू दे.

"दादा, मले काहून नाही बोलावलं रे?" नयननं आत्ताच त्या खुर्चीला विचारलं होतं. उत्तर विमलताईंनी द्यायचं होतं, दादाच्या जागी बसून, दादाच्या तोंडानं.

कीर्तनात बुवा एकाच गळ्यानं यशोदा होतात आणि तिचा कान्हाही होतात, हे त्यांनी जन्मभर भरल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बुवांना ते देवाचं देणं, आपण कोण? विमलताईंनी खुर्चीला कपाळ टेकवलं, पदर सावरला आणि अगदी कडेवर बसल्या. त्या जागेवरून मात्र लपवाछपवी होईना.

"मीच नको म्हटलं वं नयन," त्या म्हणाल्या. "तुह्या वहिनीले शपथ घातली. पोरीचे पेपर होऊ दे, मंग सांग. मले वाटलं, होईन मी बरा."

नयनचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती कशीबशी म्हणाली, "आन् शेवटी? शेवटी बी माही आठवण नाही आली?"

विमलताई पेचात पडल्या... सांगावं तर लेकरू जन्मभर जळणार, न सांगावं तर असंच तुटून राहणार.

"चौथ्या दिवशी मले दिसत नव्हतं," त्या पुटपुटल्या. "एक हात हाती लागला. म्हटलं, नयन, आली काय? तं आवाज आला, हो दादा, मी आली. मंग निवांत डोळे मिटले म्या."

"कोण होतं तिथं, वहिनी?"

विमलताईंनी आपला उजवा हात पदराखाली झाकला. दवाखान्यात त्यांच्याशिवाय होतं कोण! वावरातून आल्या आल्या, पाय धुण्याआधी 'जेवली काय वं?' असं रोज विचारणारा तो माणूस... वीस वर्षांच्या संसाराच्या शेवटच्या घडीला त्याला त्यांनी 'दादा' म्हटलं, आणि स्वतःच्या वाट्याचा निरोप नणंदेच्या नावावर देऊन टाकला.

नयन उठली. तिनं वहिनीला दंडाला धरून दुसऱ्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः दादाच्या खुर्चीवर जाऊन बसली. हे काही शिकवलेलं नव्हतं. मॅडम उठू लागल्या, पुन्हा बसल्या. नयन वहिनीकडे वळली.

"जेवली काय वं?"

आवाज पोरीचाच होता, कापरा. विमलताईंना का ते कळत नव्हतं? तरी त्यांनी पदर डोक्यावर घेतला, मान खाली घातली.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुमचीच वाट पाहून राह्यली."