खिडकीजवळचं टेबल

यादीतलं घर कुलूपबंद होतं, म्हणून नियमाप्रमाणे तिनं शेजारचं दार वाजवलं. योग म्हणायचा तो एवढाच.

"घरातली माणसं बाहेर किती वेळा जेवतात, त्यावर खर्च किती होतो, ते विचारायला आलेय," सर्वेक्षणवाली म्हणाली. "महिनाभर दर आठवड्याला येईन."

"आमच्यात कुणी बाहेर जेवत नाही!" आईनं जागच्या जागी निकाल लावला. "माझ्या हातचं सोडून कोण जाईल?"

मागे मुलगा उभा होता. शिलाई मशीन दुरुस्त करणारा, नखांत तेल, डोळ्यांत मिश्कीलपणा. आईच्या पाठीआडून त्यानं हळूच दोन बोटं वर केली... आठवड्यातून दोनदा!

हसू दाबता दाबता तिच्या हातातलं पेन निसटलं.

घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारायचं, हाही नियमच. त्यामुळे पुढची भेट त्याच्या दुकानात झाली.

"आईला सांगणार नाही ना?"

"आमच्याकडे सगळं गुप्त असतं."

"सगळं?"

"खर्चाचं," ती घाईनं म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

पुढच्या आठवड्यात दोनाचे चार झाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात रोज! आणि कुठे, तर नेमकं तिच्या कार्यालयासमोरच्या खाणावळीत, खिडकीजवळच्या टेबलावर. तिला ते ठाऊक होतं. दुपार झाली की तिला एका जागी बसवेना. पाणी प्यायच्या निमित्तानं ती खिडकीशी जाई, परत येई, पुन्हा जाई. एवढं पाणी उंटही पीत नसेल.

महिनाअखेरीला तिची नोकरी पक्की व्हायची होती. नेमकं तेव्हाच मॅडमनी बोलावलं.

"या घराचा बाहेरचा खर्च एकदम तिप्पट? मनानं आकडे भरलेस की काय गं?"

"नाही मॅडम... बघून येते."

ती तडक दुकानात गेली. "खरं सांगा. मी आले नसते, तर किती वेळा जेवला असतात?"

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "दोनदाच."

"मग बाकीचं?"

"तिथला भात खाल्लाय तुम्ही? खळ बरी! त्या भातासाठी कुणी रोज जाईल का?" त्यानं फडक्याला हात पुसले. "तुम्ही खिडकीत येता — म्हणून जातो."

तिला आनंदानं उडी मारावीशी वाटली, आणि रडूही आलं. "अहो, पण मी मोजायला आले होते! आता तराजूच्या पारड्यावर माझंच बोट पडलं!"

"मग उद्यापासून नाही जात."

"जाऊ नका असं कुठे म्हटलं मी?" ती फणकारली आणि निघाली.

रात्रभर डोळा लागला नाही. पाहुणे आले होते, वाढदिवस होता — काहीही सांगितलं असतं, तर खपून गेलं असतं. नोकरीही पक्की झाली असती. पण ज्याच्यापाशी पहिल्यांदा मन खरं बोलायला धजलं, त्याच्याच नावावर खोटं लिहायचं?

"मॅडम, ते घर माझ्याकडून काढून घ्या," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "आकडे खरे आहेत. पण ते वाढले माझ्यामुळे."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. समोर एक माणूस गार झालेल्या ताटापुढे मान वर करून बसला होता.

"अगं बाई..." मॅडम पुटपुटल्या. "हे वर कळवावं लागेल. तुझं पक्कं होणं सहा महिने तरी लांबेल. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग इथे काय उभी आहेस? जा, जेवणाची सुट्टी झालीय."

ती जिना धावतच उतरली. खाणावळीत शिरली, त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली. तो गडबडून अर्धवट उठला.

"आज काय विचारायचंय?"

"काही नाही. तुमचं घर गेलं माझ्याकडून. आता मला काही विचारायचा अधिकार नाही."

तो हळूच खाली बसला. "मग... मी विचारू?"

"विचारा," ती म्हणाली. "पण लवकर विचारा हो, महिनाभर जीव नुसता टांगणीला लागलाय!"