एग्या क्वेगिरचा पुरावा

हसा पोरांनो, खुशाल हसा. पानातली केंकी संपवा आधी. पण हे फिफी बाइडूच्या बाबतीत घडलंय, आणि फिफी माझा मित्र.

फिफी आपल्या बंदराच्या मच्छीमार समितीचा चिटणीस. मंगळवार समुद्राचा, त्या दिवशी होडी पाण्यात घालायची नाही. आणि जनरेटरवर पाण्यात दिवे सोडायचे नाहीत, कारण उजेडाला पिल्लंसुद्धा गोळा होतात, सगळीच उपसली जातात. हे नियम राखणं त्याचं काम. त्याच्याच मेहुण्याची दिवेवाली होडी मात्र मंगळवारीच निघायची. बघायला समुद्रात कुणी नसतं ना!

एग्या क्वेगिर म्हातारा, एका गळावर जगणारा. गळाला लाल दोरा बांधायचा. चारदा त्या दिव्यांची तक्रार घेऊन फिफीकडे आला.

"एग्या, या वयात डोळ्यांपुढे काजवे चमकायचेच," फिफी म्हणाला. "पुरावा आणा, मग बघू."

"आणतो, साहेब."

त्या मंगळवारी म्हातारा एकटाच छोटी होडी घेऊन गेला. होडी तेवढी किनाऱ्याला लागली. फिफीनं वहीत लिहिलं: अपघात.

"चढवून गेला असेल, काका!"

थोबाड आवर. तो ताडीला शिवत नसे.

पुढच्या वर्षी, ऑगस्टचा दुसरा सोमवार. रात्री पावणेबारा. सकाळच्या सभेचे कागद न्यायला फिफी समितीच्या खोलीत गेला. वीज गेलेली. हातात बॅटरी.

बारा वाजले. मंगळवार लागला.

दारावर टकटक.

"कोण आहे?"

... दारापलीकडे उंबऱ्यावर पाणी ठिबकत होतं.

"साहेब... आणलाय."

आवाज ओळखीचा. सवयीनं फिफीच्या तोंडातून गेलं, "उद्या या."

...

मग काहीच नाही. ठिबकणंही नाही.

उजाडल्यावर त्यानं दार उघडलं. उंबऱ्यावर पाण्यात सोडायचा मोठा दिवा. काच अखंड, कुठे तडा नाही. आत काठोकाठ पाणी. पाण्यात एक गळ. गळाला लाल दोरा.

फिफीनं त्याच दिवशी गाव सोडलं. जाताना दिवा माझ्या हातात दिला. म्हणाला, "तुम्ही पेपरवाले. म्हातारा तुमच्याकडेही आला होता ना?"

आला होता. आयुष्यभर मंत्र्यांना जाब विचारणारा मी... त्या म्हाताऱ्याला काय म्हणालो, माहीत आहे?

पुरावा आणा.

हा बघा. हळू धरा... नको? बरं, राहू दे.

बातमी मी अजून लिहिलेली नाही.