फक्कीच्या रेघा

ऑफिसात पाठीमागे मला ‘फूटपट्टी’ म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. बांधकाम परवानगी विभागात माझं कामच ते आहे: नकाशात जे दाखवलंय ते नियमात बसतं का आणि जमिनीवर मावतं का, हे बघायचं. आमच्याकडची पद्धत अशी, की मंजुरीआधी अर्जदाराने इमारतीची आखणी जागेवर पांढऱ्या फक्कीने करून दाखवायची. मी टेप घेऊन जाते, मोजते, आणि चुकलं असेल तर नकाशा परत. मग नवा नकाशा, नवी आखणी, पुन्हा मी. लोक मला बघून खूश होत नाहीत.

नव्या चर्चची फाइल आली तेव्हा मी साहेबांना स्पष्ट सांगितलं, की आर्किटेक्ट माझा सख्खा भाऊ आहे, ही फाइल दुसऱ्या कोणाला द्या.

साहेब हसले. “तुझ्याइतकं त्याला दुसरं कोण झापणार? राहू दे तुझ्याकडेच. शेवटी सही माझीच आहे.”

खरं तर मला बरंच वाटलं होतं. वहिनी गेल्यापासून दादाने पेन्सिल हातात धरली नव्हती. घरी गेलं की खिडकीशी बसलेला असायचा, चहा समोर गार होत असायचा. हे काम त्याने घेतलं आणि मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

पण नकाशा बघितला आणि डोक्याला हात लावला. गाड्या लावायची जागा बाकांच्या हिशोबाने अर्धीसुद्धा नव्हती. मी परत पाठवला. पुढच्या नकाशात ते सुधारलं, पण आग लागली तर बाहेर पडायचं दार आत उघडणारं. तेही परत. त्यापुढच्यात शेजारच्या हद्दीला चिकटून भिंत. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही अशा चुकांबद्दल ओरडा बसतो, आणि मला नकाशा वाचायला शिकवलं ते याच माणसाने.

“दादा, तुझं लक्ष कुठे असतं रे?”

“होतं असं,” तो म्हणाला. “देतो सुधारून. घाई काय आहे?”

घाई फादरना होती. म्हातारे, बारीक आवाजाचे, दर आठवड्याला माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहायचे. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. जुनं चर्च रस्त्यात गेलं तेव्हापासून त्यांची माणसं एका भाड्याच्या पत्र्याच्या गोदामात जमत होती. आता मालकाने तेही खाली करायला सांगितलं होतं.

“उन्हात आमची म्हातारी माणसं चक्कर येऊन पडतात, बाई,” ते म्हणाले. “गेल्या महिन्यात एकजण पडले ते उठलेच नाहीत. तुमची काही अडचण असेल तर सांगा. आम्ही थांबू. पण कुठे थांबू, तेवढं सांगा.”

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

त्याच दुपारी मी जागेवर गेले. गावाच्या टोकाला, मोठ्या रस्त्यालगतचं मोकळं माळरान. आदल्या दिवशी धो धो पाऊस पडून गेला होता आणि बुटांना चिखल लागत होता. फक्कीच्या रेघा मात्र कोरड्या, ठसठशीत होत्या, आत्ताच ओढल्यासारख्या. कोणीतरी सकाळी परत मारल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

दादा रेघांच्या आत उभा होता. मी आत गेले आणि रस्त्याचा आवाज बंद झाला. कमी झाला नाही, बंद झाला. वारंही पडलं. समोर रेघांबाहेर मात्र गवत हलताना दिसत होतं. मी टेपचं टोक दादाकडे टाकलं, ते त्याच्या हातून निसटलं आणि मातीवर पडलं. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये चमचा पडावा तसा आवाज घुमला, वर गेला, आणि बऱ्याच वेळाने विरला.

“खाली जमीन पोकळ आहे की काय?” मी म्हटलं.

“हळू बोल,” दादा म्हणाला.

हद्दीजवळची भिंत अर्थातच चुकलेली होती. मी नकाशा परत पाठवला.

मग शेजाऱ्यांच्या हरकतींची सुनावणी झाली. हरकत एकच होती. जागेला लागून राहणाऱ्या एक शिंपीणबाई आल्या होत्या, गळ्यात मोजायची टेप तशीच. साहेबांनी विचारलं, तक्रार काय.

“आवाजाची,” बाई म्हणाल्या.

“बांधल्यावर होईल असं वाटतं का तुम्हाला?”

“आत्ता होतो. रोज संध्याकाळी.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. कोणीतरी खुसखुसलं. “अहो बाई, तिथे अजून एक वीट नाही.”

“ते मला दिसतंय ना! मी काय आंधळी आहे?” बाई चिडल्या, मग एकदम त्यांचा आवाज उतरला. “गाण्याचं काही नाही हो. गाणं चांगलं असतं, मशीन थांबवून ऐकते मी. पण सगळे गेले तरी एक बाई मागे राहते. हाका मारते. ‘अहो, झालं का? येताय ना?’ तेवढंच. इतक्या मायेने म्हणते की माझ्या हातून शिवण सुटते. तिला कोणीतरी घेऊन जा.”

हरकत फेटाळली. मी टिपण लिहून दिलं. त्यात हाकेचे शब्द मात्र लिहिले नाहीत.

कारण ती हाक मी शेकडो वेळा ऐकली होती. दादा रात्र रात्र ड्रॉइंग बोर्डाला चिकटलेला असायचा, आणि वहिनी दारात टेकून अगदी याच शब्दांत त्याला उठवायची.

संध्याकाळी मी तिथे गेले. दादा एकटाच, डोळे मिटून जमिनीवर बसलेला. मी त्याच्या शेजारी बसले. बराच वेळ काही नाही. मग मागून, जिथे चर्चचं शेवटचं बाक येणार होतं तिथून, वहिनीचा आवाज आला.

“अहो, झालं का?”

मी मागे बघितलं नाही. धीर झाला नाही. रडू मात्र आवरेना.

“तिला मी दिसत नाही बहुतेक,” दादा हलकेच म्हणाला. “मी ओ देतो, पण तिला ऐकू जात नाही. तरी येते बघ रोज.”

“म्हणून चुका करतोस?”

“मंजुरी देऊ नकोस गं. बांधलं की हे सगळं दुसऱ्यांचं होईल. मग ती कुठे जाईल?”

“आणि फादरची माणसं कुठे जातील, दादा?”

मागून पुन्हा हाक आली, “येताय ना?” आणि माझ्या दादाने, ज्याला मी आईच्या वेळीसुद्धा रडताना बघितलं नव्हतं, गुडघ्यात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या समोर बसून मी सगळ्या चुका एकेक करून दुरुस्त करून घेतल्या. त्याने मुकाट्याने सही केली. मंजुरी निघाली. फादरनी माझे दोन्ही हात धरले, आणि मला ते सोडवून घ्यावेसे वाटले.

पायाची खोदाई सुरू झाली त्या दिवशी मी शिंपीणबाईंकडे गेले.

“थांबलं,” त्या म्हणाल्या. “खोदायचं मशीन आलं आणि सगळं थांबलं. आता चुकल्या चुकल्यासारखं होतं.”

दादा त्यानंतर फोन उचलेना. आठ दिवस वाट बघितली आणि भर दुपारी त्याच्या घरी गेले. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघर आवरलेलं, कपबश्या पालथ्या घातलेल्या. मी हाका मारत मागच्या अंगणात गेले.

तिथे त्याने फक्कीने आखणी केली होती. चर्चची नव्हे. एकच खोली, दोन माणसांना पुरेल एवढी.

दादा आत बसला होता. पाठ माझ्याकडे.

वारा सुटला होता. दोरीवरचे कपडे फडफडत होते. दादाच्या डोक्यावरचा एक केसही हलत नव्हता.

“दादा!”

त्याने मान वळवली, पण माझ्याकडे नाही. शेजारी. ओठ हलले, आवाज आला नाही. मग तो हसला. किती दिवसांनी हसला माझा दादा.

मी रेघेपर्यंत गेले आणि हात पुढे केला. मोकळ्या हवेत बोटांना गार, ओलसर गिलावा लागला.

आखणी करताना दाराच्या जागी रेघ तोडतात. साधा नियम आहे, त्यानेच शिकवलेला. मी रेघेवरून डोळा न काढता चारही बाजूंनी फिरून आले.

रेघ कुठेही तुटलेली नव्हती.