यशवंतरावांची झोप कोण मोडे

मोबाइल ठेवा रे पोट्टेहो, मंग सांगतो.

"आजी, सच्ची वाली?"

हव. आपल्या रायपुरातल्या गुढियारीतच राहतात यशवंतराव, रेल्वेतून रिटायर झालेले. जाऊन इचारा.

मागच्या जानेवारीतली चोवीस तारीख. ते गोल बाजाराले निघाले होते. मी म्हटलं, "भाऊजी, उन्हाचं कुठं?"

"घोड्याच्या नालेचा खिळा आणाले, वहिनी. भूतबाधा उतरवते ना, त्या नत्थू बैगानं सांगितलं. उंबरठ्यात ठोकला की कुसुम येणार नाही."

कुसुम त्यांची बायको. दिवाळीत वारली; सवाशीण म्हणून हातापायाले हळद लावून पाठवली. तेव्हापासून डोळा लागला की कोणी डाव्या बरगडीत बोटं खुपसे. दचकून उठत. रातभर जागरण, दिवसा जेवता जेवता डुलक्या.

सून स्वरदा म्हणे, "बाबा, डॉक्टरले दाखवू. तुमच्या घोरण्यानं भिंत हलून राहिली."

"घोरण्याचा काय इलाज असते, पोट्टे? जो त्रास आहे त्याचा करून राहिलो."

खिळा ठोकला. दहाले झोपले.

बाजूच्या खोलीत स्वरदा ऐकत होती. घोरणं थांबे. मंग सुरू होये. बाबा उठले नाहीत. तिले बरं वाटलं... झोपले एकदाचे.

अडीच वाजता घोरणं थांबलं.

तिनं वाट पाहिली.

सुरू झालं नाही...

धावली. ओठ निळे. "बाबा!" हलवलं. काही नाही. "बाबा!" गालावर मारलं, पाठीले धरून बसवलं...

तवा कुठं एक घरघर आली.

सकाळी दवाखाना. तिथं एक रात्र अंगाले तारा लावून झोपवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोपेत तुमचा घसा मिटतो, श्वास थांबतो. तासाला तीस-तीस वेळा. याला इलाज आहे, घाबरू नका. पण आतापर्यंत तुम्हाला उठवत कोण होतं?"

यशवंतरावांनी डाव्या बरगडीवर हात ठेवला.

मंग सुनेले म्हणाले, "चाळीस वर्षं तीच ढोसत होती. 'कुशीवर व्हा' म्हणे. मी चिडत होतो..."

घरी येऊन पयले खिळा उपटला.

नाकाले लावाची मशीन मिळाली. पंधरा दिवस गाढ झोपले. बरगडीले काही नाही. कोणी नाही.

सोळाव्या रात्री लाइट गेली. मशीन बंद.

स्वरदा टॉर्च घेऊन पळत आली.

यशवंतराव खाटेवर बसलेले. धापा टाकत... पण बसलेले.

खाली, आपल्या बंडीकडे पाहून राहिले होते.

तिनं टॉर्च तिकडे वळवली.

पांढऱ्या बंडीवर, डाव्या बरगडीपाशी, हळदीची चार बोटं.

ओली.